पाच चालींत मास्टरमाइंड

मास्टरमाइंड म्हणजे समोरच्याने लपवलेला चार रंगांचा कोड अंदाज लावत ओळखायचा खेळ. त्याचा पट पहिल्यांदा हातात आला की बहुतेक जण एकाच तऱ्हेने खेळतात. चार रंग लावायचे, समोरच्याने दिलेल्या काळ्या-पांढऱ्या खुंट्यांकडे बघायचं, थोडं डोकं खाजवायचं आणि ‘मला वाटतं इथे लालच असणार’ म्हणून पुढची ओळ ठोकून द्यायची. अशा खेळातही सातव्या-आठव्या ओळीपर्यंत कोड सापडतो, म्हणून आपण बरं खेळतो असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात समोरच्याने कोणताही कोड लपवला तरी तो जास्तीत जास्त पाच अंदाजांत ओळखता येतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ साली हे दाखवून दिलं. त्यांची रीत संगणकाची असली तरी तिच्यातला बराचसा भाग कागद-पेन्सिलीने जमतो. तो कसा, ते पायरीपायरीने बघू. शेवटी छोटा प्रोग्रॅम कसा रचायचा तेही सांगतो.

खेळ मुळात १९७० च्या सुमारास मोर्देकाय मेरोविट्झ या इस्रायली गृहस्थांनी तयार केला आणि इंग्लंडमधल्या लेस्टरच्या इन्व्हिक्टा प्लास्टिक्सने तो बाजारात आणला. त्याआधीपासून कागदावर आकड्यांनी खेळला जाणारा ‘बुल्स अँड काउज’ याचाच मोठा भाऊ. इथे आपण नेहमीचा मास्टरमाइंड धरू: चार खाची, सहा रंग, एकच रंग कितीही वेळा चालतो, खाच रिकामी ठेवायची नाही. रंगांना मी १ ते ६ आकडे देतो. लिहायला सोपं पडतं, आणि काळ्या-पांढऱ्या रंगाचा उत्तराच्या काळ्या-पांढऱ्या खुंट्यांशी घोळ होत नाही.

पायरी १: उत्तर बिनचूक मोजायला शिका

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण निम्मे डाव इथेच बिघडतात. रंगही बरोबर आणि जागाही बरोबर, तर काळी खुंटी. रंग बरोबर पण जागा चुकली, तर पांढरी. एवढं सगळ्यांना माहीत असतं. गडबड होते ती एकच रंग दोनदा-तीनदा आला की.

गुप्त कोड ११२३ आहे आणि अंदाज २१११ आहे. किती पांढऱ्या? ‘अंदाजात १ तीनदा आहे, म्हणजे तिन्हींना काहीतरी मिळायला हवं’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. योग्य हिशेब असा: प्रत्येक रंग कोडमध्ये किती वेळा आहे आणि अंदाजात किती वेळा आहे ते बघा, त्यातला लहान आकडा घ्या. १ कोडमध्ये दोनदा, अंदाजात तीनदा, म्हणून २. रंग २ दोन्हीकडे एकेकदा, म्हणून १. रंग ३ अंदाजात नाहीच, म्हणून शून्य. बेरीज ३. आता जागेवर जुळलेले मोजा: फक्त दुसरी खाच, म्हणजे एक काळी. पांढऱ्या म्हणजे बेरीज वजा काळ्या, ३ − १ = २. उत्तर: १ काळी, २ पांढऱ्या.

मी पहिल्यांदा यावर प्रोग्रॅम लिहिला तेव्हा पांढऱ्या मोजताना हीच चूक केली होती. प्रोग्रॅम अगदी आत्मविश्वासाने भलतेच कोड खोडत होता, आणि मी दोन संध्याकाळ अल्गोरिदममध्ये खोट शोधत बसलो.

लक्षात ठेवायची आणखी एक गोष्ट: ३ काळ्या आणि १ पांढरी हे उत्तर कधीच येऊ शकत नाही. तीन जागेवर असतील तर चौथ्याला चुकीची जागा उरतेच कुठे? ते सोडलं तर एकूण १४ उत्तरं शक्य आहेत.

पायरी २: किती कोड आहेत ते डोळ्यांसमोर ठेवा

चार खाची, प्रत्येकीत सहा पर्याय: ६ × ६ × ६ × ६ = १२९६ कोड. यातले चारही रंग वेगळे असलेले फक्त ३६०. उरलेल्या ९३६ मध्ये, म्हणजे शंभरात साधारण ७२ मध्ये, निदान एक रंग पुन्हा आलेला असतो. नवखा खेळाडू नेमकं उलट गृहीत धरतो. त्याला वाटतं, कोड म्हणजे चार निरनिराळे रंग. कोड लपवण्याची पाळी तुमची असेल तर याचा फायदा घ्या. शोधण्याची असेल तर या सवयीपासून सावध राहा.

पायरी ३: चाळणी

अल्गोरिदम या शब्दाने दबून जायचं कारण नाही. पहिला अल्गोरिदम एका प्रश्नाचा आहे. पुढची ओळ लावण्याआधी स्वतःला विचारा: ‘मी आता लावतोय हाच गुप्त कोड असता, तर आधीच्या प्रत्येक ओळीला मिळालं तेच उत्तर मिळालं असतं का?’ एका जरी ओळीला ‘नाही’ आलं, तरी तो कोड बाद. जे चाळणीवर उरतात तेच खरे उमेदवार.

ऐकायला साधं आहे, पण बघा: बहुतेक लोक फक्त शेवटच्या ओळीचं उत्तर मनात ठेवून खेळतात आणि दुसऱ्या ओळीतच बाद झालेला कोड पाचव्या ओळीत पुन्हा लावतात. नुसती चाळणी लावली, बाकी काहीही हुशारी केली नाही, तरी खेळ एकदम सुधारतो. ११११, १११२, १११३ अशा चढत्या क्रमाने जात चाळणीतून पार होणारा पहिला कोड डोळे मिटून लावत गेलात, तरी सरासरी ५.७६५ अंदाजांत डाव संपतो. हा सगळ्यात आळशी मार्ग. इथून पुढे कमवायचं आहे ते साधारण दीड अंदाजाचं अंतर.

पायरी ४: पहिला अंदाज

पहिल्या चालीला हाताशी काहीच माहिती नसते, म्हणून कोणताही अंदाज सारखाच असं वाटू शकतं. तसं नाही. रंगांची नावं बदलली, जागा बदलल्या तरी फरक पडत नाही, त्यामुळे पहिल्या अंदाजाचे खरे प्रकार पाचच: ११११, १११२, ११२२, ११२३ आणि १२३४. प्रत्येक अंदाज १२९६ कोडांचे गट पाडतो, प्रत्येक संभाव्य उत्तराचा एक गट. आपल्या हिताचं काय? उत्तर काहीही येवो, उरलेला गट लहान असावा.

११११ लावलात आणि एकही खुंटी मिळाली नाही, तर अजून ६२५ कोड शिल्लक. निम्म्याला निम्मं काम तसंच पडलेलं. पाचही प्रकारांत सगळ्यात वाईट उत्तर आलं तर किती उरतात ते असं: ११११ ला ६२५, १११२ ला ३१७, १२३४ ला ३१२, ११२३ ला २७६ आणि ११२२ ला २५६. म्हणून क्नूथ यांनी ११२२ ने सुरुवात केली.

याच आकड्यांतून एक गंमत हाती लागते. चार अंदाजांत प्रत्येक वेळी जिंकणं का शक्य नाही? पहिल्यानंतर तीन अंदाज उरतात. दर अंदाजाला ‘जिंकलो’ सोडून जास्तीत जास्त १३ उत्तरं, म्हणजे तीन अंदाजांत फार तर १ + १३ + १६९ = १८३ कोड निकालात काढता येतात. पण पहिला अंदाज कुठलाही लावा, सगळ्यात मोठा गट निदान २५६ चा असतो. १८३ च्या पिशवीत २५६ मावत नाहीत. त्यामुळे ‘मी कायम चारमध्ये काढतो’ म्हणणाऱ्याला आणखी दहा डाव खेळायला बसवा.

पायरी ५: कागदावर एक डाव

आता खरा डाव. पहिला अंदाज ११२२, उत्तर २ पांढऱ्या, काळी एकही नाही.

सगळे १२९६ कोड कोणी लिहीत बसत नाही. नमुने लिहायचे. काळी नाही, म्हणजे १ पहिल्या-दुसऱ्या खाचेत नाही आणि २ तिसऱ्या-चौथ्या खाचेत नाही. दोन जुळणी हव्यात, त्या तीन प्रकारे होतात. एक, दोन्ही १ शेवटच्या दोन खाचांत आणि २ कुठेच नाही: ??११. दोन, दोन्ही २ पहिल्या दोन खाचांत आणि १ कुठेच नाही: २२??. तीन, एक २ पुढच्या जोडीत आणि एक १ मागच्या जोडीत: २?१?, २??१, ?२१?, ?२?१. प्रश्नचिन्हाच्या जागी ३ ते ६ पैकी काहीही, म्हणजे प्रत्येक नमुन्यात १६ कोड. सहा नमुने, ९६ कोड. एका चालीत १२९६ वरून ९६ वर आलो, आणि कागदावर ओळी फक्त सहा.

दुसरा अंदाज निवडताना दोन गोष्टी बघायच्या: तो या सहा नमुन्यांत बसणारा असावा, आणि मोकळ्या जागांवर नवे, वेगवेगळे रंग असावेत. मी २३१४ घेतो. समजा उत्तर आलं ३ पांढऱ्या.

काळी पुन्हा नाही. म्हणजे पहिल्या खाचेत २ नाही आणि तिसऱ्या खाचेत १ नाही. सहापैकी पाच नमुने एका फटक्यात गेले. उरला फक्त ?२?१. तीन जुळणींपैकी दोन १ आणि २ च्या आहेत, म्हणून ३ आणि ४ यांपैकी नेमका एक रंग कोडमध्ये आहे, दोन्ही एकत्र नाहीत. पहिल्या आणि तिसऱ्या खाचेतल्या जोड्या अशा: ३३, ४४, ३५, ३६, ५३, ६३, ४५, ४६, ५४, ६४. बरोबर दहा कोड. दोन अंदाजांत १२९६ वरून दहावर, तेही डोकं तापवल्याशिवाय.

तिसऱ्या अंदाजाला दहातला एक उचलायचा. कुठलाही? इथे थोडं थांबा. ३३, म्हणजे ३२३१ लावला तर उत्तरांची विविधता कमी. ३५, म्हणजे ३२५१ लावला तर? ३३, ३६ आणि ४५ या जोड्यांना ३ काळ्या मिळतील. ४४, ४६ आणि ६४ ला २ काळ्या. ६३ आणि ५४ ला २ काळ्या, १ पांढरी. ५३ ला २ काळ्या, २ पांढऱ्या. आणि ३५ असेल तर डाव संपलाच. पाच गट, सगळ्यात मोठा तीनचा. चांगला प्रश्न आहे, तो विचारू.

उत्तर समजा २ काळ्या, १ पांढरी. उरले ६२३१ आणि ५२४१. आता निवडायला काही शिल्लक नाही. एक लावायचा, नाही लागला तर दुसरा. चौथ्यात किंवा पाचव्यात डाव संपतो.

या डावात मी एकही कठीण हिशेब केला नाही. नमुने लिहिले, काळ्या खुंट्यांनी जागा खोडल्या, बेरजेने रंग मोजले, एवढंच. हा क्रम अंगवळणी पाडून घ्या: आधी ‘काळी नाही’ याचा फायदा उपसून काढायचा, मग एकूण खुंट्यांची बेरीज बघायची. काळी एकही न मिळणं नवख्याला अपयश वाटतं. चाळणीच्या दृष्टीने ती चारही खाचांबद्दलची पक्की बातमी असते.

पायरी ६: मुद्दाम चुकीचा अंदाज

मी स्वतः पचवायला सर्वांत जास्त वेळ घेतलेली गोष्ट ही.

समजा डाव इथवर आला आहे की पहिल्या तीन खाचा पक्क्या: ४, ४, १. शेवटची २, ३, ५ किंवा ६. उमेदवार चार: ४४१२, ४४१३, ४४१५, ४४१६. सरळ मनाचा माणूस ४४१२ लावेल. नाही लागला तर ३ काळ्या मिळतील, ज्या आधीच माहीत होत्या. मग ४४१३, मग ४४१५. नशीब वाईट असेल तर अजून चार अंदाज, सरासरी अडीच. चाळणी शंभर टक्के पाळूनही माणूस रांगत राहतो, कारण प्रत्येक ओळीतल्या तीन खाचा माहीत असलेलीच गोष्ट पुन्हा विचारण्यात वाया जातात.

त्याऐवजी ३३३२ लावा. हा कोड असूच शकत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. पण उत्तर बघा: काळी आली तर शेवटी २. पांढरी आली तर ३. काहीच नाही आलं तर ५ किंवा ६. जास्तीत जास्त तीन अंदाज, सरासरी सव्वादोन. जिंकण्याची शक्यता शून्य असलेल्या ओळीने डाव लवकर संपवला.

मग हे नेहमीच करावं का? नाही. वरच्या डावातल्या दहा उमेदवारांकडे परत या. तिथे ३६५३ हा बाहेरचा, कधीच न जिंकणारा अंदाज सहा गट पाडतो, ३२५१ पाचच पाडतो. तरी शेवटपर्यंत मोजलं तर दोन्ही मार्गांनी सरासरी ४.४ अंदाजच लागतात आणि वाईटात वाईट पाच. बाहेरच्याने कमावलेला जास्तीचा गट ३२५१ च्या ‘लागला तर लागला’ने भरून निघतो. म्हणून नियम असा ठेवा: दोन अंदाज सारखे पडत असतील तर उमेदवारांतला घ्या. उमेदवार एकमेकांसारखेच दिसायला लागले, एकाच खाचेत अडकले, की बाहेरचा शोधा.

पायरी ७: संगणकाला कामाला लावणे

क्नूथ यांची रीत आता एका वाक्यात सांगता येते: प्रत्येक चालीला असा अंदाज निवडा की वाईटात वाईट उत्तर आलं तरी उरलेले कोड कमीत कमी असतील. बरोबरी झाली तर उमेदवारांतला घ्या. प्रोग्रॅम कोणत्याही भाषेत लिहा, सांगाडा हाच:

१. ११११ ते ६६६६ पर्यंतचे १२९६ कोड एका यादीत भरा. हीच ‘सगळे’ यादी. तिची प्रत म्हणजे ‘उरलेले’.
२. दोन कोड घेऊन काळ्या आणि पांढऱ्या परत देणारं एक फंक्शन लिहा, पायरी १ मधल्या हिशेबाने.
३. पहिला अंदाज ११२२. तो मोजत बसू नका, थेट लिहून टाका.
४. उत्तर आलं की ‘उरलेले’ यादीतला प्रत्येक कोड घ्या, अंदाजाशी त्याचं उत्तर काढा. मिळालेल्या उत्तराशी जुळत नसेल तर काढून टाका.
५. आता ‘सगळे’ यादीतला प्रत्येक कोड पुढचा अंदाज म्हणून तपासा: ‘उरलेले’ मधले कोड कोणत्या उत्तराला किती जातात ते मोजा आणि सगळ्यात मोठ्या गटाचा आकडा टिपून ठेवा.
६. तो आकडा ज्याचा सर्वांत लहान, तो पुढचा अंदाज. चार काळ्या मिळेपर्यंत चौथ्या ओळीपासून पुन्हा.

फंक्शन बरोबर आहे का, ते आधी तपासा. ११२३ आणि २१११ वर १ काळी, २ पांढऱ्या यायला हव्यात. त्याहून कडक चाचणी म्हणजे ११२२ सगळ्या १२९६ कोडांशी ताडून बघणं. काहीच नाही, एक पांढरी, एक काळी या तीन उत्तरांना प्रत्येकी २५६ कोड. एक काळी-एक पांढरीला २०८. दोन काळ्यांना ११४. दोन पांढऱ्यांना ९६. यातला एक जरी आकडा चुकला तर पुढे जाऊ नका, दोष मोजणीत आहे. माझ्या त्या दोन संध्याकाळी या चाचणीने वाचल्या असत्या.

वेगाची काळजी करायची गरज नाही. सगळ्या कोडांच्या सगळ्या जोड्या मिळून १६,७९,६१६ होतात. त्यांची उत्तरं एकदाच काढून तक्त्यात ठेवली की पुढचं सगळं नुसतं बघून घेणं.

पाचव्या ओळीत ‘सगळे’ लिहिलं आहे, ‘उरलेले’ नाही, इकडे लक्ष द्या. पायरी ६ मधला मुद्दाम चुकीचा अंदाज याच शब्दामुळे शक्य होतो. घाईत बरेच जण इथे ‘उरलेले’ लिहितात. प्रोग्रॅम तरी चालतो, छान खेळतोही, फक्त पाचची हमी जाते.

पायरी ८: ‘चांगला’ म्हणजे काय, ते ठरवा

क्नूथ यांची रीत वाईटात वाईट परिस्थितीची काळजी करते. तिची सरासरी ४.४७६ पडते. पण समोरचा तुमच्यावर डूख धरून कोड लपवत नसेल, सहज कुठलाही ठेवत असेल, तर वाईटात वाईटाची एवढी धास्ती कशाला? सरासरी कमी करा. त्यासाठी ‘सगळ्यात मोठा गट’ या मापाऐवजी दुसरं माप वापरतात, बाकी प्रोग्रॅम तोच.

एक माप म्हणजे उरणाऱ्या कोडांची अपेक्षित संख्या: प्रत्येक गटाच्या आकाराचा वर्ग करा, बेरीज करा, एकूण कोडांनी भागा. या मापाने पहिल्या अंदाजात ११२३ पुढे येतो, १८५.३ वर, ११२२ चा आकडा २०४.५ आहे. दुसरं माप एन्ट्रॉपीचं, म्हणजे उत्तरातून सरासरी किती माहिती मिळते त्याचं. त्याला १२३४ सर्वांत आवडतो. तिसरं माप इतकं साधं आहे की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं: नुसते गट मोजा, ज्याचे जास्त तो अंदाज घ्या. गट केवढे आहेत ते बघायचंच नाही. बार्टेल्ड कोइ यांनी २००५ मध्ये हे मांडलं, आणि त्याची सरासरी ४.३७३ निघाली. वर्ग आणि लॉगरिदम करणाऱ्या दोन्ही मापांपेक्षा चांगली.

याच्याही खाली किती जाता येतं? कोयामा आणि लाय यांनी १९९३ मध्ये सगळ्या शक्य चालींचं झाड पिंजून काढलं. सर्वांत कमी शक्य सरासरी ४.३४० आहे, आणि ती गाठायची तर क्वचित सहावा अंदाज लागू शकतो. म्हणजे मोजण्याइतक्या सोप्या ‘गट मोजा’ रीतीत आणि परिपूर्ण खेळात शंभर डावांमागे जेमतेम तीन-चार अंदाजांचा फरक.

पटावर बसून खेळताना मी हेच माप वापरतो. दोन-तीन उमेदवार मनात घ्यायचे, प्रत्येकाला किती वेगवेगळी उत्तरं येऊ शकतात ते बोटांवर मोजायचं, जास्त आली तो लावायचा. वर ३२३१ सोडून ३२५१ घेतला तो याच हिशेबाने.

यादी रिकामी झाली तर

कधीकधी चाळणीवर एकही कोड उरत नाही. प्रोग्रॅम ‘उरलेले शून्य’ म्हणून थांबतो, कागदावर सगळे नमुने खोडले जातात. मोजणी तपासलेली असेल तर याचा अर्थ एकच: समोरच्याने कुठल्यातरी ओळीला चुकीच्या खुंट्या दिल्या. लबाडी क्वचित असते, बहुधा दुबार रंगाचा तोच घोळ. वाद घालण्याआधी एक प्रयोग करा. एकेक ओळ बाजूला ठेवून बाकीच्यांवर चाळणी चालवा. जी ओळ काढल्यावर कोड पुन्हा दिसायला लागतात, तिच्याकडे बोट दाखवून फक्त तेवढीच तपासायला सांगा. अशा दोन-तीन ओळी निघाल्या तर दुबार रंग असलेली आधी.

मोठा पट

पाच खाची आणि आठ रंगांच्या सुपर मास्टरमाइंडमध्ये ३२,७६८ कोड असतात. जोड्या १०७ कोटींच्या वर. सगळ्या जोड्यांचा तक्ता इथे जड जातो. तेव्हा सगळे कोड अंदाज म्हणून तपासण्याऐवजी उरलेल्यांतून शंभर-दोनशे यादृच्छिक निवडा आणि त्यांतला जास्त गट पाडणारा घ्या. खाची आणि रंग वाढत गेले की अडचण याहून खोल जाते: मिळालेल्या उत्तरांशी जुळणारा एक तरी कोड आहे का, हा साधा दिसणारा प्रश्नच एनपी-कम्प्लीट आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं आहे. सगळ्या मापांच्या पटांवर झटपट चालेल अशी रीत त्यासाठी कोणालाच माहीत नाही. चार खाचांच्या पटावर मात्र त्याची झळ लागत नाही.

बुल्स अँड काउज खेळायचा असेल तर प्रोग्रॅममध्ये आधी पहिली ओळ बदला: ० ते ९ मधले चार वेगळे अंक, १० × ९ × ८ × ७ = ५०४० कोड. तिथे कोणताही आकडा सात अंदाजांत निघतो. मोजणीचं फंक्शन तेच राहतं, पण पहिला अंदाजही बदलावा लागेल: अंक दुबार येत नाहीत, म्हणून ११२२ तिथे चालणार नाही. ०१२३ ने सुरू करा.